आपण सर्वांनी

सोमवार, ता. ४

बारक्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी काम सांगते, कारण माझं अक्षर ओळखून तू हे अर्ध्यावर फाडशील अशी मला धास्ती आहे.

भट्टीचा घुमट बघायला तू एकदा यायला हवंस. तू आणि तुझ्या जोडीच्या गवंड्यांनी बांधलेला, तोच. माल टाकायच्या तोंडाच्या बरोबर वर, आतल्या बाजूनं, एक काळपट पट्टा उमटलाय. भट्टीवाले काका म्हणतात, काजळी आहे. काका म्हणतात म्हणजे मीही काजळीच म्हणते. पण काजळी असती तर ते ऊठसूट ती निळी काच डोळ्याला लावून आत डोकावले नसते. विचारलं की म्हणतात, सवय आहे. इतक्या वर्षांत त्यांची ही सवय मी कधी पाहिली नव्हती.

भट्टी विझवून आत उतरून बघू म्हणायची सोय नाही, हे तुला मी काय सांगणार. विझली की आतली काच गोठणार, घुमटाच्या विटा आकसून सुटणार, आणि पुन्हा पेटवायची तर नवा घुमट बांधावा लागणार. तेवढी ऐपत आम्हा कामगारांच्या सोसायटीची नाही. म्हणजे विझली की संपलं. औषधाच्या बाटल्या करणारे आम्ही सगळे उद्यापासून फाटकाबाहेर.

आणि नेमकं आत्ताच सरकारचं पत्र आलंय. कारखाना आमच्या ताब्यात द्या, घुमट आम्ही नवा बांधू, कामावर असलेल्या सगळ्यांना कायम करू. हस आता. मालक पळाला तेव्हाच्या सभेत तू हेच म्हणत होतास, सरकारकडे द्या, म्हणजे तो सगळ्यांचा राहील. आणि मी उठून म्हणाले होते की एका मालकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, हात आमचे आहेत, आम्ही चालवू. टाळ्या मला पडल्या. तू ट्रंक उचलून सरकारी काच कारखान्यात गेलास. सात वर्षं झाली. चालवून दाखवला की नाही, तेवढं मात्र तुला मान्य करावं लागेल.

तीस तारखेला सभा आहे. द्यायचा की ठेवायचा. घुमट आणखी दोन-तीन वर्षं धरणार असेल तर ठेवायचा, असं बहुतेकांचं मत आहे. तू बघून सांगितलंस तर लोक ऐकतील. सोसायटीची अध्यक्ष मी असले तरी घुमटाच्या बाबतीत माझं कोण ऐकणार, मी आयुष्यभर बाटल्या उजेडाला धरून बघणारी बाई.

घरी सगळं ठीक. तुझे दाजी कमरेनं हैराण आणि जिभेनं ठणठणीत. लेक बाहेरगावी नोकरीला आहे, सूनबाई माझ्याकडे. तीही आता कारखान्यातच येते, रोजंदारीवर. भट्टीच्या तोंडाशी माल लोटायच्या कामावर आहे. पोरगी हुशार आहे, फक्त मला उत्तरं फार देते.

ये. एका दिवसासाठी ये.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई

गुरुवार, ता. १४

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी भावाचं अक्षर बघायला मिळालं आणि त्यात चार ओळी, त्यातल्या दोन प्रश्नांच्या! 'येत नाही. घुमट टपकतोय का? बाटल्यांत खडे येतात का? खरं लिही.' तार केली असतीस तरी यापेक्षा मायेची वाटली असती.

टपकत नाही. खडे म्हणशील तर एखाददुसरा येतो, तो कधी येत नव्हता? वाळूतलाच असेल. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. तपासणीच्या टेबलावर मीच बसलेली असते, माझ्या नजरेतून सुटून एकही बाटली पुढं जात नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

तुझ्या कार्डाच्या मागं बारीक अक्षरात जे लिहिलंयस ते तीनदा वाचलं. पगार वेळेवर. साहेब माणूस बरा. कँटीन स्वच्छ. रजा मागितली की मिळते. चांगलं आहे रे. आमच्याकडे गेल्या वर्षी कच्चा माल महाग झाला तेव्हा सगळ्यांनी हात वर करून स्वतःचाच पगार कमी करून घेतला, आणि मग घरी जाऊन प्रत्येक जण बायकोच्या किंवा नवऱ्याच्या शिव्या खाऊन आला. मालक असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. दाजी म्हणाले, "तुमच्या सोसायटीत आपलेच दात अन् आपलेच ओठ." मी म्हटलं, मग काय झालं, निदान दुसऱ्याचे दात नाहीत.

कारखान्यात आता दोन पक्ष पडलेत. जेवणाच्या खोलीत सरकारवाले खिडकीकडे बसतात, सोसायटीवाले दाराकडे. सेक्रेटरी आमच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, सरकार म्हणजे दूर बसलेला मालक, साचा तुटला तरी मंजुरीला कागद पाठवायचा. पलीकडचे म्हणतात, साचा तुटला तर आत्ता तरी कुठं नवा येतोय, आपण तो वेल्डिंग करून वापरतो. दोघंही खरंच बोलतात, त्यामुळे भांडण संपत नाही. मला मात्र जेवण जात नाही. सगळे माझ्याकडे बघतात आणि मी डब्याकडे.

तू आलास तर बरं होईल. आला नाहीस तरी एवढं लिही की असा काळा पट्टा आणखी किती काळ धरतो. तुला न बघताही सांगता येईल. धरेल असं लिहिलंस तर ते मी सभेत वाचून दाखवेन.

सूनबाईनं विचारलं, कोणाला पत्र लिहिताय. मामांना, म्हटलं. ती म्हणाली, मग त्यांना विचारा की तोंडाशी उभं राहिलं की डोक्यावरून कसला बारीक आवाज येतो. कसला आवाज, काहीच नाही. पोरीचे कान नको तितके तिखट आहेत.

तुझी ताई

बुधवार, ता. २०

बारक्या,

या दोन दिवसांत माझ्या हातून जे झालंय ते ऐकून तुला आनंद होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

सभेची नोटीस नेहमी सेक्रेटरी लिहितो. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' अशी. परवा तो आजारी होता, म्हणून फाटकाजवळच्या फळ्यावर मीच लिहिली. मला ती कचेरीची भाषा येत नाही. मी आपलं साधं लिहिलं: 'कारखान्याचं पुढं काय करायचं हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचं आहे. तीस तारखेला सभेला या.' खाली सही.

काल सकाळी फळ्यासमोर ही गर्दी. सगळे रोजंदारीवाले. आपल्याकडे आता जवळजवळ निम्मी माणसं रोजंदारीची आहेत. तू गेल्यावर जे कामाला लागले ते सगळे. सुरुवातीला असं ठरलं होतं की कारखान्याची घडी बसेपर्यंत नवे सभासद घ्यायचे नाहीत. घडी काही बसली नाही आणि तो नियम मात्र बसला, चांगला मांडी ठोकून. तर ही मंडळी मला म्हणाली, तीस तारखेला आम्ही येतो, मत कसं द्यायचं ते सांगा.

मी म्हटलं, मत सभासदांचं.

मग माझी सून गर्दीतून पुढं आली. कारखान्यात ती मला आई म्हणत नाही, अध्यक्ष म्हणते, तेही चिडवल्यासारखं. काल मात्र आई म्हणाली. "आई, फळ्यावर 'आपण सर्वांनी' लिहिलंय. वाचलं तेव्हा त्या 'आपण'मध्ये मी होते. मग बाहेर कधी गेले?"

तेवढ्यात सेक्रेटरी तापातून उठून आला आणि व्याकरण सांगू लागला. म्हणे, 'आपण' म्हणजे इथं आपण, म्हणजे आम्ही, सभासद. एका पोरानं विचारलं, मग 'आम्ही' का नाही लिहिलं? सेक्रेटरी म्हणाला, 'आम्ही' लिहिलं तर तोडून बोलल्यासारखं वाटतं. सगळे हसले. तो स्वतः मात्र हसला नाही, आणि मीही नाही.

सेक्रेटरीचं म्हणणं, आजच फळा पुसायचा आणि 'सभासदांनी' असं लिहायचं. त्याचं बरोबर आहे. रोजंदारीवाल्यांना मत दिलं तर ते सरकारलाच देणार, कारण सरकार त्यांना कायम करतंय. मग सात वर्षांचं सगळं पाण्यात. मी ओला फडका घेऊन फळ्यापाशी गेले सुद्धा. पण फाटकातून माणसं येत होती, त्यांच्यासमोर पुसवेना. म्हटलं, गर्दी कमी झाली की पुसू. आज दिवसभर गर्दी कमी झालीच नाही, किंवा मी तसं ठरवलं.

तू तेव्हा सभेत म्हणाला होतास, तुमच्यामागून दाराशी येईल त्याला तुम्हीच मालक वाटाल. मी म्हटलं होतं, याच्या जिभेला हाड नाही. आता सांग, काय करू? आणि घुमटाचं उत्तर अजून दिलं नाहीस.

ताई

मंगळवार, ता. २६

बारक्या,

दोन्ही पत्रांचं उत्तर एकदम आलं. फळ्याबद्दल लिहिलंयस, 'ताई, तुझा हात शहाणा आहे, डोकं मागून येईल.' लहानपणापासून तुझं हे असंच, कौतुक करतोय की टोमणा मारतोय कळत नाही. मी ते कौतुक समजून घेतलं.

पण खाली हे विचारलंयस: 'खडेवाल्या बाटल्या फोडून कुठं टाकतेस?'

आता लपवत नाही. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. खडे एखाददुसरे येत नाहीत. रोज येतात, आणि कालच्यापेक्षा आज जास्त. मी त्या बाटल्या बाजूला काढते, कुणाला कळू नये म्हणून स्वतःच फोडते आणि चुऱ्याच्या गाडीत टाकते. चुरा भट्टीत जातो, नेहमीसारखा. तुला कळलं असेल. मलाही तुझा प्रश्न वाचल्यावर कळलं. घुमटाची विरघळलेली वीट बाटलीत खडा होऊन येत होती, आणि तो खडा मी परत भट्टीत टाकत होते. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा टेबलावर हजर. मी लपवत होते आणि ते वाढत होतं. इतकी वर्षं काचेत काढून ही अक्कल!

तू पुढं लिहिलंयस: 'भट्टीला तिचंच हाड चारू नकोस. खडे येतात म्हणजे घुमट गळतोय. वर्ष-दोन वर्षं सोड, मी महिन्याचीही खात्री देणार नाही. तोंडाशी कुणाला उभं करू नकोस.'

तोंडाशी कोण उभं असतं हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुझ्या लक्षात राहिलं असणार, म्हणून नाव घेतलं नाहीस. बारक्या, मी हे तीन आठवडे रोज त्या पोरीचा डबा भरला आणि रोज तिला त्या घुमटाखाली पाठवलं. मला वाटायचं, तीस तारीख जाऊ दे. एकदा मत झालं, सोसायटी राहिली, की मग सांगू आणि काहीतरी करू. खडे कळले असते तर सगळे सरकारकडे पळाले असते. हे असं मी स्वतःला समजावत होते. तोंडाशी सगळी रोजंदारीचीच माणसं का असतात, हेही मी कधी विचारलं नव्हतं. सभासद वयानं मोठे झाले, त्यांना ताव सोसत नाही, एवढंच. कुणी ठरवून केलं नाही. पण झालं तसंच.

काल मी काकांना टेबलापाशी बोलावलं आणि एक बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, लांब, आणखी लांब. मग खाली ठेवली. "काजळी नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "मला कधीच काजळी वाटली नव्हती गं. तू मान हलवलीस म्हणून म्हटलं, असेल." म्हणजे मी त्यांच्या भरवशावर आणि ते माझ्या. दोघांनी मिळून कारखान्याला फसवलं आणि कुणी कुणाशी खोटं बोललंही नाही.

आजपासून तोंडाशी लांब दांड्यानं, आळीपाळीनं, लोखंडी पत्र्याच्या आडून माल लोटतात. पाळीत काकाही आहेत आणि मीही आहे. सूनबाईनं मला पत्र्यामागं बघितलं आणि काही बोलली नाही. हिला उत्तर सुचलं नाही असं पहिल्यांदाच झालंय आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

शनिवारी सभा. तुझं पत्र वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं, धरेल असं लिहिलंस तर. आता काय वाचू?

ताई

रविवार, ता. ३१

बारक्या,

सभा झाली.

पॅकिंगच्या खोलीत सगळे मावले नाहीत. रोजंदारीवाले भिंतीशी उभे, फळा तसाच राहिलेला, त्यामुळे त्यांना जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. सेक्रेटरीनं उठून सांगितलं की आधी उपस्थितीचा प्रश्न मिटवावा. म्हणजे मी मिटवावा. मी आधी तुझं पत्र काढलं आणि वाचलं. सगळं. हाड चारू नकोस ते सुद्धा. खडे मी लपवले हेही सांगितलं. खिडकीकडचे आणि दाराकडचे, दोन्हीकडचे माझ्याकडे सारखंच बघत होते, महिन्याभरात त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

एका जुन्या सभासदानं विचारलं, आता तुझा आमच्यावर विश्वास नव्हता असं समजायचं का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मग मी म्हणाले, नोटीस माझ्या हातची आहे, खाली सही माझी आहे, आणि तिच्यात 'आपण सर्वांनी' आहे. ती वाचून जे आले ते सगळे मत देतील. माझी चूक असेल तर मला काढा, पण आधी मत होईल.

सेक्रेटरी म्हणाला, "ताई, तुम्ही कारखाना आत्ता, या वाक्यात देऊन टाकलात." तो रागानं नाही बोलला. त्यानं सात वर्षं तापात, पावसात, कचेरीत हिशेब जुळवत काढलीत, त्याचे डोळे भरले होते. मी त्याला काय सांगणार? मला ते माहीतच होतं. त्याला वाटत होतं की मला कळलं नाही, म्हणून तो सांगत होता.

हात वर करून मत घेतलं. आधी ठेवायचा म्हणणारे. मी हात वर केला, बारक्या. एवढं सगळं होऊनही केला. मला दुसरं करता आलं नसतं. काकांनी केला. सेक्रेटरीनं केला. भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकीही तिघाचौघांनी केला, हे मला अपेक्षित नव्हतं. मग द्यायचा म्हणणारे. मोजायची गरजच नव्हती. पुढच्या रांगेत माझ्या सुनेचा हात होता. सरळ, वर, आणि ती माझ्याकडे बघत होती.

घरी येताना आम्ही दोघी बरोबर चालत होतो. घरी पोचल्यावर मला राहवलं नाही म्हणून विचारलं, मी भांडून तुम्हाला मत दिलं आणि तू ते असं दिलंस?

ती म्हणाली, "दिलंत ना मत? मग ते तुमच्यासारखंच पडेल असं कुठं ठरलं होतं?" मग म्हणाली, "आई, घुमटाखाली मी उभी असते. ज्याच्याकडे विटा आहेत त्याला मी मत दिलं. तुमच्याकडे विटा असत्या तर तुम्हाला दिलं असतं."

दाजी आत अंथरुणावरून म्हणाले, सुनेचं बरोबर आहे. मी म्हटलं, तुम्ही कमरेकडे लक्ष द्या.

तू जिंकलास असं मी लिहिणार होते. पण काल तुझं पत्र वाचताना माझ्या तोंडाला तुझा आवाज लागला होता, आणि लोक माझं नाही, तुझं ऐकत होते. तू त्या खोलीत होतासच. तेव्हा जिंकलास की हरलास ते तूच ठरव. मला रात्रभर झोप नव्हती.

ताई

शुक्रवार, ता. १२

बारक्या,

भट्टी विझली.

सरकारकडून एक साहेब आले होते. सभ्य माणूस, बूट बाहेर काढू का विचारत होते. म्हणाले, ताबा थंड भट्टीचाच घेता येतो, पेटलेली जोखीम घ्यायचा नियम नाही. म्हणून विझवायचं काम आमच्याकडेच आलं. तू कळवलंस तसं रोज थोडा थोडा ताव उतरवला, काच पाण्याच्या खड्ड्यात सोडली, घुमट आकसेल तसे लोखंडी पट्ट्यांचे नट आवळत गेलो. कुणी सभासद, कुणी रोजंदारीवाला, कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. सात वर्षांत इतक्या समजुतीनं आम्ही कुठलंच काम केलं नसेल. तेही विझवायचं.

काल भट्टीला वारा देणारे पंखे बंद केले. आपल्याला त्या पंख्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता, इतका तो अंगवळणी पडला होता. बंद झाल्यावर कळलं की आम्ही सगळे इतकी वर्षं ओरडून बोलत होतो. कितीतरी वेळ तसेच ओरडत राहिलो. काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून ओरडले, "चहा घेतेस का?" मग एकदम गप्प झाले.

काळा पट्टा होता तिथल्या विटा आज सकाळी आत गळून पडल्या. तोंडाच्या बरोबर मागं. सूनबाईनं वाकून बघितलं, मीही बघितलं. ती माझा हात धरून उभी राहिली. तिनं दिलेलं मत चुकलं असं मी यापुढं कधी म्हणणार नाही.

पण आता जी काळजी लागलीय ती वेगळीच आहे. साहेबांना मी विचारलं, नवा घुमट कधी सुरू करताय? ते म्हणाले, प्रस्ताव वर जाईल. कधी जाईल? आता ताबा झाला की. आणि वरून खाली कधी येईल? यावर ते हसले आणि म्हणाले, तुम्ही लोक फार घाईचे. सगळे कायम झाले आहेत हे मात्र खरं. सूनबाईला कागद मिळाला, तो तिनं आधी मला दाखवला.

दुपारी वाळूचा ट्रकवाला आला. भट्टी विझलीय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं, भरलेली गाडी घेऊन दारात उभा. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, तुझ्या कारखान्यालाही तोच वाळू नेतो, म्हणजे नेत होता. मी त्याला म्हटलं, आता आम्हीही माझ्या भावाच्या कारखान्यासारखे झालो, सरकारी. तो म्हणाला, "तिकडं कुठं जातोय मी आता? गेल्या उन्हाळ्यापासून गाडी नाही. तिथं फाटकात बसून पत्ते खेळतात. पगार मात्र वेळेवर मिळतो म्हणे."

त्यानंतर मी तुझं पहिलं कार्ड काढून वाचलं. मग बाकीची वाचली. पगार आहे. साहेब आहे. कँटीन आहे. रजा मिळते ती आहे. भट्टीबद्दल एक अक्षर नाही. जन्मभर भट्टीशिवाय दुसरं बोलला नाहीस, तू. आमच्या भट्टीचं तुला सगळं कळलं, पट्टा न बघता कळलं, आणि तुमच्या भट्टीबद्दल एक ओळ नाही. मी मूर्खासारखी कँटीनचं कौतुक वाचत राहिले.

तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. मी 'टपकत नाही' लिहिलं, तू काहीच लिहिलं नाहीस. एका आईची लेकरं. तुला वाटलं असेल, मी लिहिलं तर ताई म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? खरंच म्हटलं असतं मी. आता नाही म्हणणार. आता मला नुसतं माहीत व्हायला हवंय. इथं सगळे सकाळी वेळेवर येतात. काम नाही, तरी येतात. फरशा झाडतात, साचे पुसून तेल लावून ठेवतात. सेक्रेटरीनं राजीनामा दिला होता, तोही येतो. पत्ते अजून कुणी आणले नाहीत.

ट्रकवाल्याशी बोलताना सूनबाई माझ्यामागं उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं तो कायमचा कागद घडी करून आत ठेवला आणि मग कितीतरी वेळ भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिथं आता उभं राहायला काही भीती नाही.

तेव्हा सरळ विचारते. तुमची भट्टी पेटलेली आहे का? नसेल तर कधी विझली, वीट का आली नाही, कुणी कुठं अडवली, ती आणायची तर कोणाच्या दारात जाऊन बसावं लागतं, किती जणांनी बसावं लागतं, हे सगळं लिही. तुम्ही बसला होतात का, तेही लिही. तू येऊन सांगितलंस तर त्याहून बरं. फाटकावर तुला अडवायला आता इथं आमचं असं काही राहिलेलं नाही.

आला नाहीस तर पत्र माझ्या नावानं, पण कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. ते मी घरी उघडणार नाही. जेवणाच्या खोलीत, सगळे बसलेले असताना, सूनबाईच्या हातानं फोडणार आहे आणि तीच मोठ्यानं वाचणार आहे. म्हणून मला बरं वाटावं असं काही त्यात लिहू नकोस.

ताई